सरळ कोरलेला थापा

थापा दोन तऱ्हेचा असते. एक लाकडाचा, एक तोंडाचा. लाकडाचा थापा खळ्यावर ज्वारीच्या राशीवर उठवत. राशीवर राख भुरकवाची अन् थाप्यानं जागोजागी निशानी उमटवाची. रातच्याले कोनी टोपलंभर दाने उचलले तं निशानी मोडे अन् सकाळी चोरी समजे. तोंडाचा थापा कोनता, ते तुमाले सांगाले नको. आमच्या गावात दोन्ही थापे मारनारा मीच होतो. लाकडाचा वर्सातून एकदा, तोंडाचा चहाच्या आंदी अन् चहाच्या मांगून.

हे मी सांगून राह्यलो अन् आमची नातसून लिहून राह्यली. मी शाळेत गेलो नाई. शाळेच्या मांगं बैलं चारले. आत पोरं पाढे म्हनत, ते माह्या बैलायले पाठ झाले, मले नाई झाले. नातसून लिहता लिहता हसते. कुठी काना-मात्रा हुकली तं ते तिचं हसनं समजा. बाकीच्या चुका माह्या.

आमच्या घरचा जुना थापा वाळवीनं खाल्ला. बाप म्हने सुताराले सांग, नवा करून देईन. म्या म्हनलं, सुतार कायले? मले हात नाईत का? शिवनीचं एक नरम लाकूड घेतलं, खिळा ठोकून ठोकून पटाशीसारखा केला अन् बसलो कोरत. डाव्या हाताले सूर्य, उजव्या हाताले चांद. राशीवर उठवला तं सूर्य गेला उजव्या हाताले अन् चांद आला डाव्या हाताले. बापानं वाकून पाह्यलं.

"हे अदलाबदल कशी झाली बे?"

म्या म्हनलं, "रात झाली असन, बाबा."

बाप हसला अन् गोष्ट तिथंच राह्यली. ज्वारीनं काई तक्रार केली नाई. कोन्या चोरानंबी म्हनलं नाई, की तुमचा चांद चुकला. त्या दिवसापासून मले वाटाले लागलं, की आपन कारागीर हावो. मानसाले असं वाटाले लागलं की समजाचं, त्याचे दिवस भरले.

ते दिवस राज बदलाचे होते. आमी लहान होतो तवा निजामाचं राज होतं. ते गेलं, हिंदुस्थानाचं आलं. नाणं बदललं, कचेरीतली उर्दू हळूहळू घरी चालली, अन् आमाले वाटलं, झालं, आता बसा निवांत. तं मंग कोनीतरी नकाशावर रेघ वढली. राजुऱ्याकडचा तालुका मुंबईच्या राज्यात गेला. आमी वांकिडीकडचे आंध्रात राह्यलो. काल-परवापावतर एकाच जिल्ह्यातले आमी, आता दोन राज्यातले झालो. कापसाच्या गाड्या तवाबी त्याच रस्त्यानं जात. बैलायले कोनी सांगतलं नव्हतं.

अन् त्या रेघेच्या ऐन पल्याड माही सोयरीक झाली होती.

पोरगी चार बुकं शिकलेली होती. मी चार बैलं हाकलेला. पाहाले गेलो तवा ती मान खाली घालून बसली, तं मले तिचा नुसता भांग दिसला. भांग सरळ होता. म्या बापाच्या कानात म्हनलं, पसंत हाय. मंग तिच्या बापानं, म्हंजे माह्या होनाऱ्या सासऱ्यानं, मले इचारलं, "काय करता तुमी?"

मी म्हनलो, "बैलं जे सांगते ते."

सगळी वसरी हसली. सासरा हसला नाई. त्यानं मिशीवरून हात फिरवला अन् माह्या बापाकडं असं पाह्यलं, जसं बाजारात कोनी ढोराचे दात मोजून मालकाकडं पाहते. तरी कुंकू लागलं, सुपारी फुटली. लगन उन्हाळ्यात ठरलं. अन् तेवढ्यात ती रेघ आली.

पूसाचा महिना लागला तवा राजुऱ्याकडून येनाऱ्या गाडीवाल्यानं सासऱ्याचा निरोप आनला. गाडीवाला आमच्याच गावचा, पन निरोप सांगताना त्यानं आवाज सासऱ्यासारखा जाड केला. "तिकडं आता सगळं तेलुगू होनार म्हनते. पाटी तेलुगू, कचेरी तेलुगू. आमच्या पोरीनं बोलावं कोनाशी? अन् मायेरी याचं झालं तं दुसऱ्या राज्यातून याचं, का दरखास्त द्याची? लोकं म्हनते, परक्या राज्यात पोरगी देऊ नका. आमी अजून कोनाचं ऐकलं नाई. पन संक्रांत होऊ द्या, मंग काय ते सांगू."

बाप खाटेवर बसला. माय चुलीपाशी बसली. मी म्हनलो, "मीच जाऊन बोलतो त्यायच्याशी."

बाप उठून उभाच राह्यला. "खबरदार! तू तिथं तोंड उघडलं की सोयरीक गेली समज. तुहं तोंडच तं हाय सारं."

"मंग काय करू?"

"गप राहा."

आता मले नांगर धर म्हना, धरीन. इहिरीत उतर म्हना, उतरीन. पन गप राहा म्हनलं की ते माह्याच्यानं होत नाई. मी उठलो अन् वांकिडीले मास्तराकडं गेलो.

मास्तर आमच्या मराठी शाळेचा. तिकडं नागपुराकडचा. आपली शाळा मराठी राह्यते का तेलुगू होते, ह्याच्या घोरात तो तवा अर्धा झाला होता. त्याच्या घरी कोनाड्यात एक कार्ड ठेवलं होतं, रंगीत, छापलेलं. पानफुलं, वाटीत तिळगूळ, अन् खाली मोठी अक्षरं. त्यातलं पयलं अक्षर लाल.

"हे काय हाय, मास्तर?"

"संक्रांतीचं कार्ड. भावानं पाठोलं नागपूरहून. तिकडं लांबच्या मानसाले असं पाठोते. म्हंजे भेटाले येता आलं नाई, तरी तिळगूळ पोचला."

"अन् काय लिहलं यात?"

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

म्या म्हनलं, सापडलं! न बोलता बोलाची तऱ्हा हेच हाय. तोंड उघडाचं नाई अन् गोड बोलाचं. बापाचंबी ऐकलं, माहंबी झालं. मास्तराले म्हनलं, "हे कार्ड मले दे."

"हे कसं देऊ? भावाचं हाय." मंग त्याले माही दया आली. "नकलेपुरतं घेऊन जा. मी उद्या गावाले चाललो, संक्रांत करून येतो. अन् हे रंग घे." त्यानं मले लाकडी रंगाच्या पेनशिली देल्ल्या, बोटा-बोटाएवढे उरलेले तुकडे. अन् वह्या तपासाची लाल-निळी पेनशील, एक तोंड लाल, एक तोंड निळं. "तुले पायजेत तं मी अक्षरं लिहून देतो ना लेका, पाच मिंटाचं काम."

तिथं हो म्हनलं असतं तं ही गोष्टच झाली नसती. पन मी कारागीर. म्या म्हनलं, "नाई मास्तर. मी थापा कोरतो. एकदा कोरला की दरसाल कामी येईन."

मास्तर दुसऱ्या दिवशी गावाले गेला. अन् आमच्या गावात अक्षरं समजनारा तेवढाच एक होता, तोबी वांकिडीत राहे.

मंग मी बसलो. कार्डाले पुठ्ठा पायजे, तं मायच्या लुगड्याच्या डब्याचं झाकन कापलं. ते मायले अजून मालूम नाई, आता ती वरतून पाहत असन. थाप्याले शिवनीचीच फळी घेतली. मास्तराचं कार्ड समोर ठेवलं अन् त्यातलं एकेक अक्षर जसंच्या तसं फळीवर कोरलं. मले अक्षरं म्हंजे मुंग्याची रांग. पन मुंगीचे पायबी चुकवले नाईत म्या. कुठी वेलांटी, कुठी टिंब, कुठी वरची रेघ, सगळं तसंच्या तसं. फळी अन् कार्ड बाजूबाजूले ठेवून पाह्यलं. डिट्टो. मायले दाखवलं, बापाले दाखवलं. बाप म्हने, "हे तं जुळे भाऊ हाय." तिघायनं मिळून पाह्यलं अन् तिघायले एकबी अक्षर येत नव्हतं.

फुलायसाठी भेंडी आडवी कापली. भेंडीचा काप रंगात बुडवून उठवला की पाच पाकळ्याचं फूल उठते, हे लहान पोरायलेबी मालूम हाय. कडेकडेनं फुलं उठवले अन् कोपऱ्यात आपला घरचा चांद-सूर्यबी उठवला, म्हंजे सासऱ्याले समजावं की हे खळेवाले लोकं हाय, भुकेबंगाल नाईत. आता शाई. काजळात डिंक कालवून पाह्यलं तं बोट लागलं की पुसे. म्या म्हनलं, हा कागद दुसऱ्या राज्यात चालला, पक्का पायजे. धोबी कपड्यावर निशानी कायची करते? बिब्ब्याची. धुतली तरी जात नाई, मानूस मेला तरी जात नाई. तं म्या बिब्बे फोडले, त्याचं तेल काढलं, चुना लावला अन् त्यात थापा बुडवून उठवला.

काय उठला म्हनता! काळाभोर. तेल जरासं पसरलं, अक्षरं फुगले, वरची रेघ जागोजागी फुटली. पन दूरून पाह्यलं तं कचेरीतला कागद वाटे. मी खुशीत आलो. मास्तराच्या कार्डात पयलं अक्षर लाल होतं, म्हनून फळीवरचं पयलं अक्षर कागदावर कोठी उठलं ते शोधलं. ते उजव्या हाताले सापडलं. तिथंच लाल पेनशील फिरवली. ते तिकडं कसं गेलं, हा इचार माह्या डोक्यात आलाच नाई. चांद-सूर्याची अदलाबदल झाली तवाबी काई बिघडलं नव्हतं.

आता पेनशील कोरडी. जिभेले लावली की रंग गडद उठे. मी एक पाकळी भरली की पेनशील जिभेले लावे. दुसरी पाकळी, जिभेले. अन् बोटं बिब्ब्याचे.

कार्ड गाडीवाल्यासंग गेलं अन् इकडं बिब्बा माह्या तोंडावर उतला. पयले व्हट खाजवले, मंग व्हट फुगले, मंग व्हटायच्या मांगून मी दिसेनासा झालो. दोन्ही व्हट म्हंजे कढईतले भजे. नाकाच्या शेंड्यावर फोड. संक्रांतीच्या दिवशी माय सगळ्यायले तिळगूळ वाटून राह्यली होती, मले खोबऱ्याचं तेल लावून राह्यली होती. गावातले लोकं मुद्दाम येत. "काय गा, गोड बोल नं!" मी म्हनो, "फू." सगळ्या गावाले वर्सभराचा हिशेब फेडाले मी एकटाच सापडलो.

बाप म्हने, "देवानं ऐकलं माहं."

संक्रांतीच्या मांगून दोन-चार दिवसात गाडीवाला परत आला. ह्या बारीले त्यानं सासऱ्याचा आवाज काढला नाई. खाली पाहून म्हने, "बाप-लेक दोघंबी ताबडतोब या म्हनलं. सोयरीक मोडाची तं कागद पाठवून मोडाची नसते, तोंडानं सांगाची असते, असं म्हनलं."

बापानं माह्याकडं पाह्यलं. "तू त्या कार्डात काय कोरलं बे?"

मी म्हनलो, "फू! फू!" म्हंजे तिळगूळ, तिळगूळ.

छकडा जुंपला. सरहदीच्या नाक्यावर एक नवा शिपाई बसवला होता, दूरच्या मुलखातला. त्यानं पयले तेलुगूत इचारलं, मंग आमचे चेहरे पाहून हिंदीवर आला. "किधर जारे?"

बाप म्हने, "पोरे के ससुराल."

शिपायानं माहं तोंड पाह्यलं. "जाने के पहलेच मार खा लिए?"

असा मी माह्या सासुरवाडीत पोचलो.

वसरीवर सतरंजी टाकली होती. सासरा बसला होता, मिशी ताठ. खाटेवर गावचा जुना पटवारी बसला होता, काळी टोपी, बटनं लावलेली शेरवानी, चष्म्याची एक काच तडकलेली. निजामाच्या राजात ह्या पटवाऱ्याचा लय दबदबा. सगळे कागद उर्दूत, अन् गावात उर्दू येनारा हा एकटा. तो म्हनन ते खरं. आता कागद मराठीत याले लागले तं त्याले कोनी इचारेना. लय दिवसानं त्याच्या हातात काम आलं होतं, म्हनून शेरवानीले ताजी इस्तरी होती.

माहं कार्ड सासऱ्यानं धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते सतरंजीवर ठेवलं. "हे तुमी पाठोलं?"

"हो," बाप म्हने, "पोरानं सोता केलं. हातानं."

"आमी काय वाईट केलं होतं तुमचं, व्याही? मोडाची होती तं मोडा. पन उर्दूत कागद काऊन पाठोला? राज गेलं तरी उर्दूत हुकूम?"

"उर्दूत?" बाप म्हने. "आमाले तं मराठीबी येत नाई!"

"आता मीबी बाळबोध जोडून जोडून वाचतो," सासरा म्हने. "मले एक अक्षर लागलं नाई. अन् लाल अक्षर पाहा कोठी हाय. उजव्या हाताले. म्हंजे सुरुवात उजवीकडून. उजवीकडून सुरू होते ते उर्दूच. पटवारीसाहेब, वाचा पुन्हा."

पटवाऱ्यानं चष्मा पुसला. कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "हे साधं उर्दू नाई. हे शिकस्ता हाय. कचेरीचं घसट अक्षर. भल्याभल्याले लागत नाई." मंग उजवीकडून डावीकडं बोट फिरवत त्यानं वाचलं, एवढं धडाधड, की मलेबी खरं वाटाले लागलं. "बमुजिब हुकूम... सरहद बदल गयी... लिहाजा मौजे मजकूरची सोयरीक... बरखास्त." अन् माह्या भेंडीच्या फुलायवर बोट ठेवून म्हने, "ह्या मोहरा. एवढ्या मोहरा मी कलेक्टराच्या कागदावरबी पाह्यल्या नाईत."

आत बायकायचे कांकनं वाजले अन् थांबले.

सासरा माह्याकडं वळला. "बोला नं आता. त्या दिवशी तं बैलायच्या गोष्टी सांगून राह्यले होते. तोंडानं सांगा, मोडाची हाय का ठेवाची?"

जन्मात पयल्यांदा मले कोनी बोल म्हनलं होतं. अन् मी म्हनलो, "फू."

"काय म्हनते हे?"

"त्याचं तोंड उतलं," बाप म्हने. "बिब्ब्यानं."

मी उठलो. हातानं सांगू म्हनलं. तीळ भाजून दाखवले, गूळ फोडून दाखवला, लाडू वळला, तोंडाकडं नेला अन् पोटावर हात फिरवला, की गोड लागलं. पटवारी म्हने, "पाहा. पोट भरलं म्हनते. आता पुरे."

मी कपाळ धरून खाली बसलो. लुगड्याचा डबा गेला, व्हट गेले, बायको गेली. अन् हे सारं न बोलता केलं मी. बोललो असतो तं एवढं नुकसान झालं नसतं.

तेवढ्यात आतून पोरीची आत्या आली. हातात पत्र्याच्या चौकटीचा लहानसा आरसा. तिनं तो सासऱ्यापुढं ठेवला. "पोरगी म्हनते, कागद ह्यात पाहा."

"आरशात? आरशात काय पाहू, माही मिशी?"

"मले काय इचारते रे दादा. ती म्हनते, पाहा म्हना."

सासऱ्यानं एका हातात आरसा धरला, दुसऱ्या हातानं कार्ड त्याच्यासमोर धरलं. पयले त्याले आपलं तोंड दिसलं, ते त्याले आवडलं नाई. मंग कार्ड सरकवलं. अन् मिशी तशीच ताठ ठेवून, रागानं, एकेक अक्षर जोडून त्यानं वाचलं.

"ति... ळ... गू... ळ..." थांबला. "घ्या..." पुन्हा थांबला. मंग पुढचं वाचलं. "गो... ड... बो... ला."

मंग आत कोनीतरी फिसकन हसलं. मंग माहा बाप. मंग गाडीचे बैलं सोडाले आलेला मानूसबी. म्या फळीवर अक्षर सरळ कोरलं होतं अन् सरळ कोरलेला थापा उलटा उठते, हे मले त्या वसरीवर समजलं, व्हट फुगवून, सगळ्या सासुरवाडीच्या समोर. माहा सूर्य काऊन हिकडचा तिकडं गेला होता, तेबी तिथंच समजलं. आमच्या गावच्या सुताराले हे मालूम असनच. पन सुताराले इचारनारा मी कोन!

सगळे पटवाऱ्याकडं पाहाले लागले. मले त्याची दया आली, कारन तसं तोंड घेऊन मी रोज फिरो. पन तो माह्यापेक्षा हुशार निंघाला. चष्मा काढला, शांतपने त्याची घडी घातली. "मी काय चुकलो? अक्षरं उलटी, म्हनून अर्थबी उलटा आला. उलट्या कागदात 'बरखास्त' निंघालं, म्हंजे सरळ कागदात 'मंजूर' हाय. वाचनाऱ्याचा काय कसूर?"

हा मानूस दहा गावं सांभाळून होता ते काई उगंच नाई.

सासऱ्यानं दाराकडं तोंड केलं. "हे तुले कधी समजलं वं?"

आत्या आत गेली, बाहेर आली. "म्हनते, कागद आला त्याच दिवशी. भांग पाडताना आरशापुढं होता, तं दिसलं म्हनते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

आत्या पुन्हा आत गेली. येताना पदरानं तोंड झाकलं होतं. "म्हनते, मले इचारलं कोनी? अन् म्हनते, एवढं उलटं लिहनारा सोता येते का नाई, ते पाह्याचं होतं."

मी मान खाली घातली. आता माहा भांग दिसत असन. तो कधीच सरळ नव्हता.

पन सासरा अजून हसला नव्हता. त्यानं आरसा पालथा ठेवला. "कागदाचं झालं. पन रेघ तं पडलीच नं, व्याही. उद्या तुमच्याकडं सगळं तेलुगू झालं. पाटी तेलुगू, दवाखाना तेलुगू, पोराची शाळा तेलुगू. माही पोरगी तिथं काय करन?"

हेच खरं होतं. कार्ड सरळ असतं तरी हे त्यानं इचारलंच असतं. मी बापाकडं पाह्यलं. माहा बाप उभ्या जन्मात हुशारीचं एकबी वाक्य बोलला नव्हता. त्यानं आरशाकडं बोट केलं.

"व्याही, ह्या पोराचं मराठी जिनं वाचलं, तिले तेलुगू काय अवघड हाय?"

सासऱ्याची मिशी पयले एका बाजूनं हालली. मंग दुसऱ्या बाजूनं. मंग तो असा हसला, की पुढ्यातला आरसा आत्यानं उचलून घेतला, फुटन म्हनून. हसता हसता त्यानं आतून तिळगूळ मागवला. संक्रांत होऊन गेली होती, तरी रथसप्तमीपावतर चालते, आत्या म्हने. त्यानं एक लाडू माह्या हातावर ठेवला. "घ्या जावईबापू. गोड बोला."

म्या तो लाडू व्हटाच्या कोपऱ्यातून आत ढकलला, डोळ्यातून पानी आलं, अन् म्हनलं, "फू."

"असंच बोलत जा," सासरा म्हने. "बोलके होते तवाच मले भेव होतं."

उन्हाळ्यात लगन झालं. तोवर व्हट बसले होते, कातडीवर काळा डाग राह्यला होता, तो फोटोत नाई आला कारन फोटो काढलाच नाई. सासऱ्यानं पोरीले गाडीत बसवलं, सरहदीच्या नाक्यावर तोच शिपाई होता, त्यानं मले ओळखलं अन् गाडी तपासल्याबिगर सोडली. घरी आलो तं मायनं उंबऱ्यापाशी परातीत हळद कालवून ठेवली होती. नव्या नवरीनं घरात पाय ठेवला की दाराच्या भितीवर हळदीच्या हाताचा थापा मारते, आमच्याकडची रीत.

तिनं हात बुडवला. भितीवर ठेवला, दाबला अन् उचलला. पाची बोटं सुरेख उठले. बायका गानं म्हनून राह्यल्या होत्या, कोनाचं लक्ष नव्हतं. तिनं पदराआडून पयले भितीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"पाहा," ती म्हने, "हा सरळ उठला."

हे माह्याशी तिचं पयलं बोलनं. संक्रांत कवाचीच होऊन गेली होती, म्हनून गोड बोलाची सक्ती नव्हती.